कापडाला खिळा नको, नेफा द्या

मागच्या अंकात भिंतीवर लावायच्या कापडांबद्दल लिहिलं आणि पत्रांचा ढीग पडला. फोटो पाठवलेत ते बरं केलंत, नुसत्या वर्णनावरून कापड कळत नाही. बहुतेक फोटोंत एकच दृश्य होतं: चांगलं कापड, वरच्या दोन कोपऱ्यांत दोन खिळे आणि मधोमध सुटलेलं पोट. ओली चादर दोन चिमट्यांवर दोरीला लटकवावी तसं. म्हणून नेफा, म्हणजे रॉड ओवायची कापडी नळी, कसा लावायचा ते सोलापूरच्या पत्राच्या उत्तरात सविस्तर सांगितलं आहे. बाकीच्यांनी तिथूनच उचलावं. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत, नावं छापलेली नाहीत.

सासूबाईंची येवल्याची पैठणी आहे, साठेक वर्षांपूर्वीची. अंग घड्यांवर विरलंय, पदर मात्र अजून झळकतो. पदर कापून, काचेच्या फ्रेममध्ये घालून दिवाणखान्यात लावावा असं मला वाटतं. नणंदबाई म्हणतात, आईच्या साडीला कात्री लावायची नाही. फ्रेमवाला म्हणतो, दोन दिवसांत चिकटवून देतो. काय करू? (नाशिक)

आधी फ्रेमवाल्याचं. चिकटवून देणाऱ्याच्या हातात पैठणी देऊ नका. गोंद रेशमात मुरतो, काही वर्षांनी पिवळा आणि कडक होतो आणि मग कापड त्या कडेवरच तुटतं. तो नंतर काढताही येत नाही. अशी चिकटवलेली पदरं माझ्याकडे दुरुस्तीला येतात आणि मी ती परत पाठवते, कारण करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

आता पदराचं. तो हातात घेऊन उलटा करून बघा. खरी हातमागाची पैठणी असेल तर मोर, मुनिया, आसावली जे काही असेल ते मागूनही पुढच्यासारखंच स्वच्छ दिसेल, मागे लोंबते धागे नसतील. प्रत्येक रंगाचा बाणा, म्हणजे मागावर आडवा जाणारा धागा, आपापल्या जागेपुरता जातो, शेजारच्या रंगात अडकतो आणि परत फिरतो. युरोपातल्या राजवाड्यांत भिंतभर टांगलेली विणकामं याच तत्त्वाची. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात, जो चौदाव्या लुईच्या काळात 1662 मध्ये राजाच्या ताब्यात आला, तिथे हेच काम लोकरीत आणि रेशमात मोठ्या मापावर होई. पण तिथल्या विणकरांची एक हुशारी आपण लक्षात घ्यायला हवी. ते चित्र आडवं ठेवून विणत. टांगल्यावर ताणा, म्हणजे मागावर उभा ताणलेला धागा, आडवा येई आणि बाणा उभा. आपला पदर खांद्यावरून खाली सोडण्यासाठी विणलेला, त्यामुळे मोर सरळ दिसावेत म्हणून तो उभा लावला की रेशमाचा बारीक ताणा वरून खाली येतो आणि जरीच्या बाण्याचं सगळं ओझं त्याच्यावर पडतं. नेसलेल्या बाईच्या खांद्यावर ते ओझं काही तास असतं, भिंतीवर रात्रंदिवस. साठ वर्षांच्या रेशमाला ते झेपत नाही. आधी जरीच्या पट्ट्याच्या वरच्या कडेला केसासारख्या आडव्या चिरा दिसतात, मग तो पट्टा खाली उतरतो.

म्हणून तुमचा पदर नुसता टांगायचा नाही, पाठीवर घेऊन लावायचा. त्यासाठी काचेची फ्रेम चालेल, पण ती अशी.

हलक्या लाकडाची चौकट घ्या, तिला पॉलिश मारून पूर्ण वाळू द्या. कच्च्या लाकडातून आणि प्लायवुडमधून आम्ल सुटतं, ते कापडाला तपकिरी डाग पाडतं. चौकटीवर एक थर फ्लॅनेलचा, त्यावर मांजरपाट ताणून. मांजरपाट कोरा वापरू नका. गरम पाण्यातून दोन-तीनदा काढा, खळ पूर्ण निघू द्या, आटायचा तो आटू द्या, मग वापरा. त्यावर पदर अंथरा आणि एक दिवस तसाच राहू द्या, तो आपोआप सैल होऊन बसतो. मग बारीक सुई आणि रेशमी दोरा घेऊन टाके घाला. सुई धाग्यात खुपसायची नाही, दोन धाग्यांच्या मधून न्यायची. आधी काठाच्या कडेने, मग चार-चार बोटांवर उभ्या रांगांत, एका रांगेतला टाका दुसऱ्या रांगेतल्या टाक्यासमोर येणार नाही असा. दोरा ओढून घट्ट करू नका. पदर मांजरपाटावर टेकलेला राहिला पाहिजे, बांधलेला नको. हे काम फ्रेमवाला करणार नाही, घरातल्या ज्या कुणाचा हात शिवणात बसलाय तिने करावं. काचेचं काम तेवढं फ्रेमवाल्याला द्या आणि बजावून सांगा की काच आणि कापड यांच्यात किमान एक सेंटिमीटर पोकळी हवी. बॉक्स फ्रेम म्हटलं की त्याला कळतं. काच कापडाला टेकली तर पावसाळ्यात आतून दमटपणा धरतो आणि बुरशी येते. साध्या काचेपेक्षा अतिनील किरण अडवणारं ॲक्रिलिक मिळालं तर उत्तम.

जरी काळी पडलेली असेल तर चिंच, लिंबू, दंतमंजन यांतलं काही लावू नका. चांदीवर हवेतल्या गंधकाचा थर बसतो. तो घासून काढताना त्यावरचा सोन्याचा मुलामाही जातो आणि खाली पांढरी रेघ उरते. जुनी जरी थोडी सावळी दिसली तर दिसू द्या.

कात्रीचा प्रश्न. नणंदबाईंचं ऐकावं असं मला वाटलं असतं, पण तुम्ही पाठवलेल्या फोटोत अंग घडीच्या रेषेवर उभं फाटत चाललंय. तशा अंगाचं ओझं पदराला बांधून ठेवण्यात पदराचंच नुकसान आहे. कापायचं, पण त्या घरी असताना, त्यांच्यादेखत. पदर संपतो तिथून वीतभर अंग पदराकडेच राहू द्या. कात्री चालवण्यापूर्वी त्या जागेचा एक आडवा धागा सुईने उचलून ओढून काढा, मग जी बारीक वाट दिसते तिच्यावरून कापा. रेषा तिरकी जात नाही. अंगाचा जो काठ धड आहे तो नणंदबाईंना द्या, त्या लेकीच्या खणाला लावतील. बाकीचं अंग गुंडाळून ठेवा, फेकू नका. पदराला कधी दुरुस्ती लागली तर त्याच रंगाचे धागे पुन्हा कुठे मिळायचे?

आणि दिवाणखान्यात खिडकीसमोर नको. संग्रहालयात कापडावर साधारण 50 लक्सच्या वर प्रकाश पडू देत नाहीत, आपल्या खिडकीजवळ दिवसा त्याच्या कितीतरी पट असतो. जिन्याजवळची किंवा आतल्या बोळातली भिंत बघा.

काकू, ठाण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. मालकांनी एकही भोक पाडायचं नाही असं लिहून घेतलंय. ऑनलाइन मागवलेलं मोठं सुती वॉल हँगिंग चिकटणाऱ्या हुकांवर लावलं होतं. पहिल्याच पावसात रात्री धप्पकन खाली. आता? (ठाणे)

हुक पडले नाहीत, रंग पडला. हुकांच्या मागे डिस्टेंपरचे पापुद्रे असतील बघ. हुकाचा डिंक भिंतीला नाही, भिंतीवरच्या रंगाला धरतो आणि दमट हवेत तो रंग भिंत सोडतो. ऑइल पेंट किंवा टाइल असेल तर हुक टिकतात.

तुझ्यासाठी सोपा मार्ग आहे. खोलीत कुठे दोन भिंती समोरासमोर जवळ आहेत का बघ, पॅसेजच्या टोकाला किंवा कपाट आणि भिंत यांच्या मधली फट. तिथे स्प्रिंगचा ताणून बसणारा रॉड लाव, न्हाणीघराच्या पडद्यासाठी मिळतो तो. नाहीतर खिडकीचा एखादा पडदा काढून त्याच ब्रॅकेटवर हे चढव, ब्रॅकेट मालकांचेच आहेत. पलंगामागे लावायचं असेल तर पलंगाच्या माथ्यापाठी दोन बांबू उभे करून पलंगाच्या पायांना सुतळीने बांध आणि वर आडवा बांबू. गणपतीचं मखर बांधणाऱ्या कुठल्याही भावाला सांग, अर्ध्या तासात करून देईल.

कापडाचा रंग सुटतो का तेही आत्ताच बघ. ओला पांढरा कापूस गडद रंगावर दाबून धर. कापूस रंगला तर ते कापड एकटंच धू, मिठाच्या पाण्यावर फार विश्वास ठेवू नकोस. आणि घर सोडताना मालकांनी भिंतीच्या पापुद्र्यांचे पैसे मागितले तर भांडू नकोस, एक डबा रंग आण आणि तेवढा पट्टा मार.

वास्तूच्या दृष्टीने कापडी चित्र कोणत्या दिशेच्या भिंतीवर लावावं? (पुणे)

ज्या भिंतीवर दुपारचं ऊन पडत नाही त्या.

घर रत्नागिरीला, चिऱ्याचं, समुद्रापासून फार लांब नाही. लेकीने श्रीनगरहून लोकरीच्या भरतकामाचं मोठं कापड आणलं, पश्चिमेच्या भिंतीवर लावलं. दोन पावसाळ्यांत मागून काळे ठिपके आले आणि एका कडेची लोकर कुरतडल्यासारखी झाली आहे. ब्लीच वापरू का? (रत्नागिरी)

ब्लीचची बाटली लपवून ठेवा. सुती कापडाला ते कमकुवत करतं आणि लोकर तर त्यात अक्षरशः विरघळते.

तुमच्याकडे दोन वेगवेगळे रोग आहेत. ठिपके बुरशीचे, कुरतडणं कसरीचं.

बुरशीचं आधी. कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी कापड अंगणात न्या, घरात झटकू नका. नाकातोंडाला फडकं बांधा. सावलीत दोरीवर न टाकता खाटेवर पसरा. मऊ ब्रशने, एकाच दिशेने, हलक्या हाताने. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधा आणि सगळ्यात कमी जोरावर, कापडाला न टेकवता फिरवा. बुरशी निघेल, काळे ठिपके कदाचित निघणार नाहीत. ते मागच्या बाजूला आहेत, राहू द्या.

कसरीला उन्हात घालण्याचा आपला जुना उपाय रंग घालवतो. त्यापेक्षा आंब्याच्या रसाचे डबे ठेवता तो डीप फ्रीझर वापरा. कापड पूर्ण कोरडं करून गुंडाळा, जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत हवा काढून घट्ट बांधा आणि दोन आठवडे आत ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, दिवसभर तशीच राहू द्या. नाहीतर थंड कापडावर दव धरतं आणि पहिला रोग परत येतो. अळ्या आणि अंडी दोन्ही जातात.

जागेचं मात्र बदलावंच लागेल. जांभा पाणी पितो आणि तुमचा पाऊस पश्चिमेकडून येतो, ती भिंत चार महिने ओलीच असते. आतल्या, दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीवर घ्या. रॉडचे ब्रॅकेट असे निवडा की कापड भिंतीपासून दोन बोटं सुटं राहील आणि मागून वारा खेळेल. खालच्या कडेला मागून बाटलीच्या बुचांचे दोन तुकडे शिवले की खालूनही ते भिंतीला टेकत नाही.

मृग लागायच्या आधी ते उतरवा आणि दसऱ्याची साफसफाई झाली की पुन्हा चढवा. कोकणात मी भिंतीवरच्या लोकरीबद्दल दुसरा कुठला सल्ला देणार नाही. ठेवताना घडी नको. गोल नळीवर, भरतकामाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळा. आत ठेवली तर टाके चुरगळतात. वरून धुतलेली जुनी सुती साडी, प्लॅस्टिक नको. कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा लवंगा पुरचुंडीत बांधून शेजारी ठेवल्या तर बिघडत नाही, पण त्यांच्या जिवावर निर्धास्त राहू नका. दर महिन्याला उघडून बघणं हाच त्यावरचा उपाय.

मी निवृत्त शिक्षक. सत्काराच्या वेळी विद्यार्थ्यांनी सोलापूरचंच हातमागावर विणलेलं मोठं वॉल हँगिंग दिलं, त्यात विठ्ठल-रखुमाई. साडेचार फूट रुंद, जड सुती. आठ वर्षं कपाटावर गुंडाळून पडलंय, कारण ते नीट कसं लावायचं तेच कळत नाही. सुतार म्हणतो, पट्टीवर ठोकून देतो. (सोलापूर)

सर, आठ वर्षं गुंडाळून ठेवलंत हे ठोकून लावण्यापेक्षा चांगलंच केलंत.

तुमच्या गावाबाहेर फार लोकांना ठाऊक नाही की सोलापूर म्हणजे नुसती चादर आणि टॉवेल नव्हे. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी जॅकार्डच्या मागावर देव, पुढारी, देखावे धाग्यांत उतरवले. छिद्रांच्या पुठ्ठ्यांची माळ मागावर फिरते आणि कुठल्या ओळीला कुठला उभा धागा उचलायचा ते सांगते. विठ्ठलाच्या कपाळाचा टिळा विणायला जितक्या ओळी तितके पुठ्ठे. असं काम करणारे हात आता कमी राहिलेत. तुमच्या विद्यार्थ्यांनी शाल-श्रीफळाच्या वर जाऊन विचार केला.

हे कापड उलटं करून बघा. पैठणीसारखं नसतं. मागे रंगीत धागे मोकळे धावताना दिसतील, जिथे चित्रात लागत नाहीत तिथे ते मागे तरंगतात. हे धागे खिळ्यात, मांजराच्या नखात, झाडूच्या काडीत अडकतात. त्यामुळे आधी मांजरपाटाचं अस्तर. वर सांगितल्याप्रमाणे धुतलेला मांजरपाट, कापडापेक्षा बाजूंनी बोटभर आत. वरची कड आणि दोन्ही बाजू तुरपून घ्या, खालची बाजू मोकळी सोडा. हवा बदलली की जड कापड आणि अस्तर वेगवेगळं ओढतं. खालून बांधलं तर झोळ येतो.

आता नेफा. मांजरपाटाचीच पट्टी, वीतभर रुंद. लांबी कापडापेक्षा दोन इंच कमी, म्हणजे पुढून दिसत नाही. दुमडून तिची नळी शिवा, हे शिवण मशीनवर चालेल. ही नळी कापडाच्या मागे, वरच्या कडेपासून दोन बोटं खाली, हाताने शिवायची. इथे एक खुबी आहे, पडदेवाले ती करत नाहीत. नळी सपाट ठेवून वरची कड शिवा. खालची कड शिवताना नळीचा बाहेरचा पदर बोटभर सैल सोडा आणि मग शिवा. रॉड आत गेला की त्याची जाडी त्या सैल बाजूला, म्हणजे भिंतीकडे जाते. तसं केलं नाही तर रॉडचा फुगवटा पुढे येतो आणि विठोबाच्या मुकुटाच्या वर एक आडवा पाइप उमटून दिसतो. टाके अस्तराच्या आणि मागच्या धाग्यांच्या पोटातून घ्या, पुढे येऊ देऊ नका. जवळजवळ, दुहेरी दोऱ्याने. सगळं वजन या दोन रांगांवर वाटलं जाणार आहे. इंचाला तीन टाके पडले पाहिजेत.

रुंदी साडेचार फूट आहे म्हणून मध्येही एक ब्रॅकेट हवा, नाहीतर रॉड वाकेल. त्यासाठी नेफा दोन तुकड्यांत लावा, मध्ये चार बोटं रिकामी. रॉड ॲल्युमिनियमचा पाइप घ्या, पाऊण किंवा एक इंची. लाकडीच हवा असेल तर पॉलिश करून त्यावर कापडाची पट्टी गुंडाळा. सुतार खालच्या कडेलाही काठी सुचवेल, सरळ लोंबावं म्हणून. तुमचं कापड मुळातच जड आहे, काठी नको.

भिंत कसली आहे ते विचारायला विसरू नका. विटांची भिंत असेल तर साधा प्लॅस्टिकचा प्लग आणि दीड इंची स्क्रू पुरतो. नव्या इमारतींत हलके राखाडी ठोकळे असतात, त्यात तो प्लग फिरत राहतो, तिथे लांब प्लग लागतो. संपूर्ण काँक्रीटची भिंत असेल तर हॅमर ड्रिलवाला बोलवा, हातोडी चालवली तर नुसता गिलावा उडेल. आणि स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली भोक पाडू देऊ नका, वायरिंग तिथूनच जातं.

उंचीबद्दल: उभ्या माणसाच्या डोळ्यांना समोर चित्राचा मध्य, म्हणजे जमिनीपासून सुमारे 145 ते 150 सेंटिमीटर, हा चित्रांच्या दालनांतला ठोकताळा. आपल्या घरात दिवाणावर, सोफ्यावर बसून गप्पा चालतात, त्यामुळे मी मध्य थोडा खालीच घेते. पण खालची कड सोफ्याच्या पाठीपासून वीतभर वर राहिलीच पाहिजे. तेल लावलेली डोकी भिंतीला टेकतात, कापडावर पडलेला खोबरेल तेलाचा गोल डाग पुढे कधी निघत नाही.

आठ वर्षांच्या गुंडाळीच्या वळ्या पडल्या असतील, त्यावर इस्त्री फिरवू नका. टांगल्यावर आठवडाभरात त्या आपोआप उतरतात.

आम्ही न्यू जर्सीत. नवीन घराला दुमजली उंचीची बैठक आहे, एक भिंत पूर्ण रिकामी. डिसेंबरमध्ये भारतात येतोय. पिछवाई घ्यावी की कलमकारी? किती मोठी? एक विक्रेता शंभर वर्षं जुनी पिछवाई देतो म्हणतोय. (न्यू जर्सी)

शेवटून सुरुवात करते. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू भारताबाहेर नेता येत नाही. तेव्हा विक्रेता एकतर खोटं बोलतोय किंवा तुम्हाला विमानतळावर अडकवतोय. त्याच्याकडे परत जाऊ नका.

पिछवाई मुळात नाथद्वाऱ्याच्या श्रीनाथजींच्या पाठीमागे लावायचा पडदा. ऋतूप्रमाणे, उत्सवाप्रमाणे बदलला जाणारा. शरद पौर्णिमेला रास, गोपाष्टमीला गाई, उन्हाळ्यात कमळं. तुम्ही वर्षभर एकच लावणार आहात हे गृहीत धरून कमळांची किंवा गाईंची घ्या, ती बैठकीत शोभते. ही चित्रं सुती कापडावर रंगवलेली असतात, रंगाचा थर जाडसर असतो. त्यामुळे ती कधीही घडी घालून आणू नका, घडीवर रंग तडकतो. किमान चार इंच व्यासाच्या पीव्हीसी पाइपवर, रंगाची बाजू बाहेर, मध्ये पातळ कागद. पाइप सामानात बसत नाही म्हणून ऐनवेळी घडी घालण्याचा मोह होतो, म्हणून पाइपची लांबी विमान कंपनीला तिकीट काढतानाच विचारा.

कलमकारीत दोन घराणी. श्रीकाळहस्तीची हाताने, बांबूच्या कलमाने रेखाटलेली. मच्छलीपट्टणमची लाकडी ठशांची. तुम्हाला एका मोठ्या भिंतीसाठी गोष्ट सांगणारं चित्र हवंय, तर श्रीकाळहस्तीची. कापड आधी हिरड्याच्या आणि म्हशीच्या दुधाच्या पाण्यातून काढतात, काळा रंग लोखंड आणि गूळ आंबवून होतो, लाल तुरटीच्या जोरावर धरतो. खरी ओळखायची तर रेघ बघा. कलम भरलेलं असताना जाड, संपत आलं की बारीक, मध्ये कुठे थेंब. दोन हरणांचे डोळे तंतोतंत सारखे असतील तर ती छपाई आहे. छपाई वाईट नाही, पण तिला हातकामाचा भाव देऊ नका. घडीचा त्रास कलमकारीला पिछवाईइतका नाही. प्रवासाच्या दृष्टीने मी असते तर कलमकारीच घेतली असती.

मापाचं कोड्यात पडू नका. निघण्याआधी भिंतीवर जुन्या चादरी रंगाऱ्याच्या टेपने लावा, एकाला दुसरी जोडून, आणि आठवडाभर तशाच राहू द्या. येता-जाता कुठलं माप खटकतं ते कळतं. सोफ्याच्या वर असेल तर सोफ्याच्या दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश रुंदी बरी दिसते. दुमजली भिंत आहे म्हणून कापड वरच्या मजल्यापर्यंत नेऊ नका. वरच्या खिडक्यांचं ऊन नेमकं तिथे पडतं, धूळ काढायला शिडी लागते आणि बसल्या जागेवरून बारीक काम दिसतच नाही. खालच्या आठ-नऊ फुटांत ठेवा, वरची भिंत मोकळी सोडा.

तुमच्याकडच्या भिंती जिप्समच्या पातळ पाट्यांच्या. आत साधारण दर 16 इंचांवर उभा लाकडी खांब असतो, तो शोधायचं यंत्र तुमच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. एक लाकडी पट्टी आडवी, दोन-तीन खांबांत स्क्रूने बसवा. पट्टीवर वेल्क्रोची खरखरीत बाजू स्टेपलरने ठोका. मऊ बाजू आधी मशीनवर सुती पट्टीला शिवा, मग ती सुती पट्टी कापडाच्या मागे हाताने शिवा. वेल्क्रो सरळ कापडाला मशीनवर शिवू नका, सुईची भोकं कायमची राहतात. पिछवाईला मात्र रंगातून टाके घालता येत नाहीत, तिच्या मागे आधी अस्तर, कडेच्या न रंगवलेल्या पट्टीत टाके, आणि वेल्क्रो त्या अस्तराला. वर-खाली झालं तर खेचून पुन्हा चिकटवता येतं, ही या पद्धतीची मोठी सोय.

हिवाळ्यात गरम हवा जिथून येते त्या झडपेच्या वर आणि शेकोटीच्या वर लावू नका.

आईने हाताने शिवलेली गोधडी बैठकीच्या भिंतीवर लावायची आहे. मुलगा म्हणतो, गावठी दिसेल. (सातारा)

मुलाला सांगा, परदेशी संग्रहालयांत आजीबाईंच्या गोधड्या काचेआड ठेवतात. तुम्ही लावा.

आधी धुऊन, उन्हात नव्हे तर वाऱ्यावर पूर्ण वाळवा. आतल्या थरात ओल राहिली तर ती वास मारते आणि कळत नाही कुठून. गोधडी जड असते, चार-पाच जुन्या साड्या एकावर एक, म्हणून नेफा दुहेरी मांजरपाटाचा आणि तीन ब्रॅकेट. इस्त्री करू नका. धावदोऱ्याच्या रांगांमुळे जी बारीक खाचखळग्यांची शेतं पडतात ती सपाट होतील. दिवा समोरून नको, बाजूच्या भिंतीवरून तिरका पाडा, मग प्रत्येक टाका सावली टाकतो आणि आईचा हात दिसतो.

आणि ऐन थंडीत पाहुणे आले, पांघरूण कमी पडलं, तर खुशाल उतरवा. नेफ्यातून रॉड ओढायला मिनिटभर लागतं.